सहा तासांचा परदेश

मुलांकडे अमेरिकेत आलेल्या आईबाबांना क्रूझवर न्यायची आपल्याकडे आता पद्धतच पडली आहे. सामान एकदाच लावायचं, चालायला फारसं लागत नाही, जेवण हाताशी, आणि सकाळी खिडकीबाहेर नवं गाव. कॅलिफोर्नियातले आपले लोक लॉस एंजेलिसहून मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याची आठवड्याची सफर घेतात: काबो सान लुकास, मासात्लान, पुएर्तो वायार्ता आणि परत. टेक्सासमधले गॅल्व्हेस्टनहून कोसुमेलला जातात. आईबाबांना घेऊन आम्हीही जानेवारीत निघालो. काबोला आईचा घोटा मोडला, जहाज पुढे गेलं आणि आम्ही दोघी मागे राहिलो. आई आज पुण्यात नीट चालते आहे, म्हणून हे शांतपणे लिहिता येतं. पण या सफरीवर वडीलधाऱ्यांना नेणाऱ्या प्रत्येकानं हे निघण्यापूर्वी वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आधी एक गोष्ट. लॉस एंजेलिसला चढून लॉस एंजेलिसलाच उतरायचं, त्यामुळे आपण अमेरिकेतच आहोत असं वाटत राहतं. जहाजावर डॉलर, इंग्रजी, अमेरिकन नाश्ता. प्रत्यक्षात ही बहुतेक जहाजं बहामा, पनामा अशा देशांच्या झेंड्याखाली चालतात. अमेरिकेच्या १८८६ सालच्या एका कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला नुसतं अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेता येत नाहीत, आणि निघून त्याच बंदरात परतायचं तरी वाटेत परदेशी बंदर घ्यावं लागतं. काबोला जहाज थांबण्यामागे तिथलं सौंदर्य आहे तसा हा कायदाही आहे. म्हणजे छत्री आणि टोपी घेऊन आपण ज्या धक्क्यावर उतरतो, तिथे आपण एक देश सोडून दुसऱ्यात शिरलेले असतो. अमेरिकन पासपोर्टवाल्याला हे विसरून एक वेळ चालेल. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा घेऊन हिंडणाऱ्या आपल्या आईबाबांच्या बाबतीत ते विसरून चालत नाही. सहा तासांसाठी उतरायचं असलं तरी आठवडाभर राहावं लागेल असं समजून उतरा. मला सांगायचं आहे ते एवढंच. बाकीचा तपशील त्यातूनच येतो.

काबो आहे मात्र सुंदर. बाहा कॅलिफोर्नियाचं लांबलचक द्वीपकल्प जिथे संपतं तिथे ग्रॅनाइटचे सुळके समुद्रात उतरतात आणि शेवटच्या सुळक्यात लाटांनी कमान कोरली आहे, एल आर्को. एका बाजूला पॅसिफिक, दुसऱ्या बाजूला कोर्तेसचा समुद्र. मागे वाळवंट आणि माणसाहून कितीतरी उंच निवडुंग. पूर्वी हे मासेमारीचं खेडं होतं, ट्यूना डबाबंद करायचा कारखाना होता. १९७३ मध्ये द्वीपकल्पाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत महामार्ग पूर्ण झाला आणि मग हॉटेलं वाढली. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत इथे कुबड्या देवमासे विणीसाठी येतात. बाबांनी जहाजाच्या कठड्यावरूनच एक शेपूट पाहिलं आणि दिवसभर तेच सांगत होते.

इथे जहाज धक्क्याला लागत नाही. ते उपसागरात नांगर टाकून उभं राहतं आणि प्रवाशांना टेंडर बोटीतून मरीनात सोडतात. समुद्र खवळलेला असला तर टेंडर बंद, मग कप्तान काबो वगळून पुढे जातो. तसं करायचा त्याला करारानं अधिकार असतो. जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे परत मिळतात. तुम्ही बाहेरून काही ठरवलं असेल तर ते रद्द करता येण्यासारखं असू द्या.

मरीनातून छोट्या बोटी कमानीपर्यंत नेतात. तळाला काच असलेल्या बोटींतून मासे दिसतात, खडकांवर समुद्रसिंह पहुडलेले असतात. हे बोटवाले प्लाया देल आमोर नावाच्या चिमुकल्या किनाऱ्यावर उतरवायलाही तयार असतात. तिथे धक्का नाही. बोटीचं नाक वाळूला लागतं आणि लाट ओसरली की उडी मारायची. साठीच्या पुढच्या कोणीही तिथे उतरू नये, फेरी मारून परतावं. त्याच वाळूवरून पलीकडे चालत गेलं की पॅसिफिकच्या बाजूचा किनारा लागतो, प्लाया देल दिवोर्सिओ. तिथे पाण्यात पाऊलही टाकू नका. किनाऱ्याला लागूनच एकदम खोल उतार आहे, लाट तिथेच फुटते आणि उभ्या माणसाला पायाखालच्या वाळूसकट आत ओढते. तिथे माणसं बुडाली आहेत. पोहायचं तर गावाजवळचा मेदानो किनारा आहे, तिथेही बावटा बघूनच.

आम्ही यातलं काही केलं नाही. काचेच्या बोटीतून कमान बघून मरीनात परतलो. मरीनातला धक्का तरंगता असतो. आई उतरायला उभी राहिली, तेवढ्यात बाजूनं एक मोठी बोट गेली, तिच्या लाटेनं आमची बोट खाली आणि धक्का वर, आणि आईचा पाय मधल्या फटीत गेला. पुढच्या लाटेला दोन्ही कडा जवळ आल्या. बोटवाल्यानं आणि माझ्या नवऱ्यानं तिला क्षणात वर ओढलं. घोटा मात्र तेवढ्यात फिरला होता.

गेटवेहून घारापुरीला लाँचनं गेलेल्या कुणालाही ही पायरी ठाऊक आहे. तरीही लिहिते, कारण काबोत सगळे कमानीच्या आणि लाटांच्या गोष्टी सांगतात, या पायरीबद्दल कोणी सांगत नाही. उतरताना वडीलधाऱ्यांचे दोन्ही हात मोकळे हवेत. पर्स, पाण्याची बाटली, फोन आधीच दुसऱ्याकडे. बोटवाल्याचा पंजा धरू नका, कोपराखाली हात धरा, घट्ट बसतो. पायात मागे पट्टा असलेली सँडल. साडी किंवा ओढणी खोचलेली. बोट दोरानं दोन्हीकडून बांधल्यावरच उठायचं, मागचे कितीही खोळंबले तरी. आणि बोट वर आली की पाऊल टाकायचं, खाली जात असताना नाही. टेंडरमधून जहाजावर चढतानाही हेच.

मरीनाच्या रखवालदारानं ९११ ला फोन लावला. मेक्सिकोतही आता हाच क्रमांक चालतो. रुग्णवाहिका येईपर्यंत नवऱ्यानं जहाजाच्या रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापलेल्या नंबरावर फोन केला. तो जहाजाच्या बंदरातल्या एजंटचा असतो. बहुतेक लोक ते पत्रक केबिनमध्येच ठेवून उतरतात. त्याचा फोटो तरी काढून घ्या, कारण जहाजाशी बोलायचा तोच खरा मार्ग असतो. जहाजावरही दवाखाना असतो, एक्सरे असतो, पण ऑपरेशनची सोय नसते. आईचा घोटा कसा वळला आहे ते ऐकून एजंटनं सांगितलं, टेंडरच्या चढउतारात हिला परत नेऊ नका, इथेच दाखवा. मोडतोड साधी असती तर जहाजावर परतणं बरं होतं. हा निर्णय अर्ध्या तासात घ्यावा लागतो.

पुढचा प्रश्न घड्याळाचा. जहाज बहुधा निघालेल्या बंदराची वेळ पाळतं, गाव आपली. मेक्सिकोनं २०२२ मध्ये देशाच्या बहुतांश भागात उन्हाळी वेळ बंद केली, अमेरिकेनं केली नाही. त्यामुळे काबो आणि लॉस एंजेलिसची घड्याळं उन्हाळ्यात जुळतात, हिवाळ्यात काबो एक तास पुढे असतं. आमच्या फोनांनी धक्क्यावर उतरताच गावाची वेळ धरली होती, जहाजाची वेळ फक्त बाबांच्या मनगटावर होती. आमच्या बाबतीत हा फरक आमच्या फायद्याचा ठरला, कारण फोन बघून वाटत होतं त्याहून एक तास जास्त हाताशी होता. पण कोसुमेलला उन्हाळ्यात मायामीहून जाणाऱ्यांचं उलटं होतं. तिथलं घड्याळ एक तास मागे असतं, आणि फोनवर विसंबलेला माणूस धक्क्यावर येतो तेव्हा जहाज गेलेलं असतं. साधं काटेवालं घड्याळ हाताला बांधा आणि त्याला जहाजाच्या वेळेवरून हलवू नका. टेंडरच्या बंदरात जहाज सुटायची वेळ कामाची नसते, शेवटच्या टेंडरची वेळ लक्षात ठेवायची, आणि ती बरीच आधी असते.

नवरा त्या वेळात टेंडरनं जहाजावर गेला आणि केबिनच्या तिजोरीतून आमचे पासपोर्ट, आईची औषधं, चष्मा, दोन कपडे आणि फोनचा चार्जर घेऊन परत आला. त्याला हे जमलं, कारण आईचा पाय दुपार व्हायच्या आत मोडला. तोच चार वाजता मोडला असता तर? अशा वेळी जहाजाचे लोक केबिनमधून पासपोर्ट काढून एजंटकडे देतात, असं एजंटनं सांगितलं. पण औषधाची कुठली डबी, कुठला चष्मा हे त्यांना कसं कळणार? पासपोर्ट केबिनमध्येच ठेवा असं अनेक जाणते लोक सांगतात, हरवण्याची भीती असते म्हणून, आणि ती भीती खरी आहे. तरी भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी माझं मत ठाम झालं आहे. मूळ पासपोर्ट कपड्याच्या आत, कमरेच्या पट्ट्यात, अंगावर. सोबत तीन दिवसांची औषधं, दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं, विम्याचा कागद. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानांचे फोटो घरच्या एखाद्याच्या फोनमध्ये.

कुणी थांबायचं यावर त्याआधी धक्क्यावरच बोलणं झालं होतं. बाबा म्हणाले, "मी थांबतो, तुम्ही जा." त्यांना इन्सुलिन लागतं, स्पॅनिशचा एक शब्द येत नाही, आणि आईच्या पायापेक्षा त्यांचीच काळजी जास्त झाली असती. "बाबा, तुम्ही जहाजावर असलात तर आई निर्धास्त राहील," असं मी म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत. शेवटी आईनंच सांगितलं, "अहो, तुम्ही जा. नातीकडे बघा." नवरा, लेक आणि बाबा पुढे गेले, मी थांबले. हे संभाषण घरी, निघण्यापूर्वी करून ठेवा. ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड आहे, ज्याचा फोन मेक्सिकोत चालतो आणि ज्याला स्वतःची औषधं कमी आहेत, त्यानं थांबायचं. सगळ्यांनी थांबू नये. जहाजावरचं सामान उतरवायला आणि अमेरिकेतून फोन करायला कुणीतरी लागतं.

खासगी रुग्णालयात पहिल्यांदा अनामत रक्कम मागतात. तो कागद बघून माझ्या हातापायांतलं बळ गेलं. $ चं चिन्ह आणि पुढे पाच आकडे. मेक्सिकोत पेसोलाही तेच चिन्ह आहे, आणि एक पेसो म्हणजे साधारण चार-पाच रुपये, हे लक्षात यायला मला काही मिनिटं लागली. जेवणाच्या कार्डापासून रुग्णालयाच्या बिलापर्यंत प्रत्येक ठिकाणी "पेसोस की डॉलर?" हे विचारा. कार्ड मशीननं "तुमच्या चलनात घेऊ का?" असं विचारलं तर नाही म्हणा, तो दर महाग असतो. लॉस काबोससारख्या किनाऱ्यांवरच्या काही खासगी रुग्णालयांच्या बिलांबद्दल अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या नागरिकांना सावध करत आलं आहे. आम्हाला चांगले डॉक्टर मिळाले, तरी मी खर्चाचा अंदाज लेखी घेतला आणि रोज संध्याकाळी तपशीलवार बिल मागितलं. कुणी वाईट मानलं नाही.

विम्याला त्याच दुपारी फोन केला. हे त्याच दिवशी करायचं असतं, ऑपरेशनच्या आधी. आईबाबांसाठी अमेरिकेत घेतलेला विमा अनेकदा फक्त अमेरिकेपुरता असतो; मेक्सिकोचे काही दिवस त्यात असतील तर तसं पॉलिसीत लिहिलेलं असायला हवं. आमच्यात होतं. घेताना तीन प्रश्न ईमेलनं विचारा आणि उत्तर जपून ठेवा: मेक्सिकोच्या जमिनीवर चालतो का, जहाजाच्या दवाखान्याचं बिल देतो का, आणि रुग्णाला विमानानं परत आणायचा खर्च देतो का. भारतातून प्रवासविमा काढून येणाऱ्यांनीही हेच विचारावं. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्येष्ठांनी मेडिकेअरवर भिस्त ठेवू नये, देशाबाहेर ते जवळजवळ चालतच नाही.

लेकीनं निघण्यापूर्वी आजीच्या औषधांचा एक कागद टाइप करून दिला होता: औषधाचं मूळ नाव, मात्रा, वेळ, कशासाठी. तिनं तो हौसेनं केला होता, पण त्या आठवड्यात त्याच्याइतकं काहीच उपयोगी पडलं नाही. आपल्या गोळ्यांची भारतातली ब्रँडनावं तिथे कुणाला ओळखू येत नाहीत. टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन ही नावं जगभर ओळखतात. आई रोज ॲस्पिरिनची लहान गोळी घेते, हे भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्या कागदावरूनच टिपलं. संमतिपत्र स्पॅनिशमध्ये होतं. मी सही करण्याआधी इंग्रजी बोलणारा डॉक्टर मागितला, तो आला, प्रत्येक परिच्छेद समजावून गेला. दुसऱ्या दिवशी प्लेट आणि स्क्रू बसवले.

आई शाकाहारी. तिथे भात बहुधा कोंबडीच्या रश्श्यात शिजतो, घोटलेल्या बीन्सना डुकराची चरबी लावतात, आणि मांस नको म्हटलं की मासे आणून देतात. पहिल्या रात्री आलेलं सूपही कोंबडीचंच होतं. मी प्रत्येक पदार्थाचं नाव घेऊन नको म्हटलं: कार्ने (मांस) नको, पोयो (कोंबडी) नको, पेस्कादो (मासे) नको, मांतेका (चरबी) नको. मग स्वयंपाकघरातल्या बाई स्वतः वर आल्या, आईला बघून गेल्या, आणि नंतर रोज नुसत्या उकडलेल्या बीन्स, मक्याच्या तोर्तिया आणि पपई. पपईवर लिंबू पिळून तिखट भुरभुरतात. आईला ते इतकं आवडलं की पुण्यात ती आता पपई तशीच खाते. परिचारिका तिच्या केसांना तेल लावून वेणी घालून देत. मेक्सिकोबद्दल कुणी वाईट बोललं की आई आता रागावते, आणि मीही.

मरीनात "फुकट टॅक्सी, फुकट सहल" म्हणून हाका मारणारे असतात. ती टाइमशेअरची विक्री असते, अर्धा दिवस जातो. पर्यटकांच्या रस्त्यावरच्या औषधांच्या दुकानांतून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्या घेऊ नका, बनावट गोळ्या विकल्या गेल्याची उदाहरणं आहेत. याहून जास्त त्याबद्दल सांगण्यासारखं नाही.

परतीचा प्रवास किचकट. जहाजानं आलेला प्रवासी जहाजाच्या यादीवर आलेला असतो, त्याच्या नावावर देशात आल्याचा वेगळा कागद नसतो. विमानानं बाहेर पडण्याआधी एजंट मला इमिग्रेशनच्या कचेरीत घेऊन गेला, तिथे अर्ध्या दिवसात काम झालं. हॉटेल, गाड्या, विमान सगळं आपल्याच खर्चानं. जहाजाचे उरलेले दिवस बुडतात. विमान कंपनीनं डॉक्टरचं पत्र मागितलं. नव्या हाडमोडीला पूर्ण गोल प्लास्टर असेल तर पहिले दोन दिवस विमानात घेत नाहीत किंवा ते चिरून घ्यावं लागतं, कारण पाय सुजतो. आईला अर्धंच प्लास्टर होतं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून निघण्याआधी इंजेक्शन दिलं. लॉस एंजेलिस अडीच तासांवर आहे, तेवढं बरं.

अमेरिकेत शिरताना आईचा व्हिसा पुन्हा तपासला. तो अनेक वेळा प्रवेशाचा होता. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असलेल्यांनी ही सफर घेऊच नये. एच-वन वर काम करणाऱ्या ज्या मुलामुलींच्या पासपोर्टवरचा शिक्का संपला आहे, त्यांना मेक्सिकोहून तीस दिवसांच्या आत परत येता येतं अशी तरतूद आहे, पण तिला अटी आहेत आणि सगळे कागद जवळ लागतात. तिकीट काढण्याआधी वकिलाला विचारा. मेक्सिकोत शिरायला मात्र चालू अमेरिकन व्हिसा असलेल्या भारतीयाला वेगळा व्हिसा लागत नाही.

ज्याचं नुसतंच जहाज चुकलं आहे त्याला कंपनीच्या परवानगीनं पुढच्या बंदरात चढता येतं. पण नकाशा बघून ठेवा. काबो आणि मासात्लान यांच्यामध्ये समुद्र आहे. रात्रभराची फेरी ला पासहून सुटते, नाहीतर विमान. दोन्हीला पासपोर्ट हवा.

रुग्णालयातून निघण्याच्या दिवशी बिलाची फाक्तुरा, म्हणजे अधिकृत पावती, पासपोर्टवरच्या नावानं घ्या, अक्षर न अक्षर जुळायला हवं. आईच्या बिलावर मधलं नाव गळलं होतं, ते तिथेच बदलून घेतलं. एक्सरे सीडीवर मागा, ऑपरेशनचा अहवाल सहीसकट मागा, आणि बसवलेल्या प्लेटच्या पाकिटावरची चिकटपट्टी, जिच्यावर कंपनी आणि क्रमांक छापलेला असतो, ती फाइलला लावून घ्या. पुण्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं ते प्लेट कुठल्या धातूची, पुढे एमआरआय करायचा झाला तर चालेल का. चिकटपट्टी फाइलमध्ये होती, त्यांनी तिचा फोटो काढून घेतला आणि टाके बघायला लागले.